हॉल ते मागची बेडरूम : एका तरंगाची कल्याणयात्रा

कल्याणची प्रवाशांचे गाव म्हणून असलेली ख्याती रेल्वेहून पुष्कळ जुनी आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांच्या दानांचे उल्लेख सापडतात, येथे जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेला गेल्या, आणि १८५४ मध्ये ठाण्याहून आलेला लोहमार्ग पुढे येथूनच कसारा व कर्जत अशा दोन दिशांना फुटला. अशा नगरीत, खडकपाड्याच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमधील हॉलातून निघालेला वाय-फायचा तरंग मागच्या बेडरूमपर्यंत पोहोचू नये, ही घटना अभ्यासाला पात्र ठरते.

तरंगाचे प्रस्थान राऊटरपासून, म्हणजे बाहेरून आलेले इंटरनेट रेडिओलहरींच्या रूपाने घरभर वाटणाऱ्या पेटीपासून, होते. तिची जागा शास्त्राने नव्हे तर केबलवाल्याच्या ड्रिल मशीनने ठरवलेली असते. खिडकीच्या चौकटीशेजारी जिथे भोक पडले, तिथेच टीव्हीच्या मागे ती विराजमान होते आणि कालांतराने तिच्यावर क्रोशाचा रुमाल येतो. रुमालाने तरंगांचे काही बिघडत नाही, फक्त पेटीला उकडते. बिघडते ते टीव्हीच्या मागील धातूच्या पत्र्याने.

तरंगांच्या येथे दोन जाती आढळतात. २.४ गिगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २४० कोटी कंपने घेणारा तरंग सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीचा असून तो स्लो लोकलप्रमाणे रखडत का होईना, पण लांबवर जातो. ५ गिगाहर्ट्झचा फास्ट खरा, परंतु दोन भिंतींपुढे जाण्याची त्याची फारशी इच्छा नसते. भारतात पहिल्या जातीचा पट्टा, म्हणजे तिच्या कंपनांची हद्द, २००५ मध्ये आणि दुसऱ्याचा मोठा भाग २०१८ मध्ये परवानामुक्त झाल्यामुळे सोसायटीतील प्रत्येक घर त्यांत शिरले आहे. २.४च्या पट्ट्यात चॅनेल, म्हणजे ठरवून दिलेल्या मार्गिका, तेरा असल्या तरी त्या एकमेकींवर इतक्या चढलेल्या असतात की १, ६ आणि ११ या तीनच परस्परांना धक्का न लावता वापरता येतात. चौथ्या सीटवर बसण्याचा सराव असलेल्या या नगरात ही अडचण कोणाला मुळात अडचण वाटत नाही, हा भाग वेगळा.

पुढील मार्ग खडतर आहे. विटांची भिंत तरंगाला थकवते, सळयांनी भरलेला आरसीसी खांब त्याहून अधिक, आणि भिंत तिरकी ओलांडावी लागली तर ती तरंगापुरती आणखी जाड होते. स्वयंपाकघरात २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालणारा मायक्रोवेव्ह त्याच पट्ट्यात आरडाओरडा करतो, पाण्याचा पिंप तरंग पिऊन टाकतो, आणि बेडरूमच्या दारामागचे लोखंडी कपाट, विशेषतः आरशाचे, त्याला आल्या वाटेने परत पाठवते. कपाटापलीकडे पलंगावर बसलेल्या आजोबांच्या व्हिडिओ कॉलमध्ये न्यू जर्सीचा नातू चौकोनाचौकोनांत विरघळतो तो येथेच. सातासमुद्रांपलीकडून आलेला नातू शेवटच्या कपाटाशी अडतो.

यावर घरोघरी होणारे उपचार उद्बोधक आहेत. अँटेना बेडरूमच्या दिशेने रोखणे हा सर्वांत लोकप्रिय, आणि नेमका उलटा. कारण साध्या दांडीअँटेनाचे प्रक्षेपण टोकातून नव्हे तर तिच्या सभोवार, आडवे होते, त्यामुळे त्याच मजल्यासाठी ती उभीच हवी. दुसरा उपचार रिपीटरचा, म्हणजे कानी पडेल ते पुन्हा मोठ्याने सांगणाऱ्या यंत्राचा. तो हौसेने रेंज नसलेल्या खोलीतच लावला जातो, जिथे त्याच्याही कानी काही पडत नाही. त्याला निम्म्या वाटेवर, पॅसेजमध्ये बसवावे लागते, आणि तरीही एकाच रेडिओने ऐकणे व बोलणे करावे लागत असल्यास वेग साधारण निम्मा होतो. अनेक यंत्रांचे मेश जाळे उत्तम चालते, पण खिसा सैल लागतो.

सबब, वाचकांनी बाजार गाठण्यापूर्वी राऊटर टीव्हीमागून काढून घराच्या मध्यभागी, छातीच्या उंचीवर, उघड्यावर ठेवून पाहावा. तेवढ्यानेही भागले नाही, तर वायरमनकडून मागच्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढून घ्यावी व तिच्या टोकाला एखादा जुना राऊटर ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलने आलेले इंटरनेट तिथल्या तिथे वाटणारी पेटी, म्हणून जोडावा. केबलला कपाट आडवे येत नाही.