पुनर्भरणपंथी

पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित मध्यमवर्गात अलीकडे ज्या नव्या संप्रदायाचा उदय झाला आहे, त्याच्या अनुयायाची खरी ओळख पटवून घ्यावयाची असेल तर त्याला ऐन उन्हाळ्यात नाणेघाट चढताना पाहावे. कोकणातील वैशाखऱ्याहून निघून, सातवाहनांच्या काळापासून तुडवल्या गेलेल्या त्या वाटेने जो कोणी घाटघरच्या पठारावर पोचतो, त्याच्या देहाचा पंचनामा करण्यास निराळ्या साक्षीदाराची गरज उरत नाही. इतर मंडळी सावली गाठून पाणी पितात, पण हा गृहस्थ झोळीतून एक चकचकीत पत्र्याची डबी काढतो, आणि धाप पुरती ओसरण्यापूर्वीच प्लॅस्टिकविरोधी जाहीरनाम्याचे वाचन सुरू करतो.

डबी एकदाच घ्यावयाची आणि आतील, काखेत लावावयाचा सुगंधी लेप संपला की कागदात गुंडाळून आलेली नवी वडी तीत बसवावयाची, असा हा व्यवहार. वस्तुतः त्यात नाव ठेवण्यासारखे काही नाही. महाराष्ट्र सरकारने २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदीचा हुकूम काढला, तेव्हा न्हाणीघरातील फडताळावरच्या बाटल्यांकडे कोणा अंमलदाराचे लक्ष गेले नाही. ती उणीव ह्याने स्वखुशीने भरून काढली, हे त्याचे उपकारच म्हटले पाहिजेत. त्याचे ज्ञानही उथळ नाही. घाम मुळात जवळजवळ निर्गंध असतो, काखेतील सूक्ष्म जंतू त्यातील द्रव्यांचे विघटन करतात तेव्हा दुर्गंध उत्पन्न होतो, घामरोधक लेपांतील ॲल्युमिनियमचे क्षार स्वेदग्रंथींची तोंडे बुजवतात आणि आपला लेप तसला जुलूम न करता केवळ गंधाचा बंदोबस्त करतो, हे सारे तो इतक्या अधिकारवाणीने सांगतो की ऐकणाऱ्याला स्वतःच्याच काखेविषयी परकेपणा वाटू लागावा. अमेरिकेत १८८८ साली 'मम' नावाचा लेप विक्रीस आला, हा तपशील त्याच्या जिभेवर असतो. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय लिहिला, ही नोंद मात्र त्याच्या दफ्तरी आढळत नाही.

निसर्गाचा त्याने पक्ष घेतला म्हणून निसर्गाने त्याची भीड राखावी, असा काही करार झालेला नाही. लेपात मुख्य भरणा खोबरेलाचा, आणि खोबरेल पंचवीस अंशांच्या आसपास वितळते. त्यामुळे अर्धा घाट चढेपर्यंत वडीचे तेल होऊन झोळीत उतरलेले असते, आणि नकाशा, टॉवेल व दशम्या ह्या सर्वांवर लव्हेंडरचा सारखाच अंमल बसलेला असतो. हा शुद्धतेचाच पुरावा होय, असे तो म्हणतो. त्याच्या शास्त्रात प्रत्येक दोष हा पुरावाच असतो. नवा लेप सुरू केल्यावर काही आठवडे अंगाची दुर्गंधी वाढली, तर तो देहाचा 'शुद्धिकाल' समजावा, अशी त्याची श्रद्धा आहे. आणि हा काल तो एकांतात न घालवता भरल्या जीपमध्ये, मधल्या आसनावर बसून घालवतो.

घाटमाथ्यावरील प्रचंड दगडी रांजण, ज्यात जकातीची नाणी पडत असे सांगतात, तो पाहताच हा पुनर्भरणीय पात्राचा आद्य नमुना असल्याचे तो जाहीर करतो. रांजण भरत असे तो येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कनवटीतून, आणि नव्या वडीची किंमत पाहता ही तुलना अगदीच निराधार ठरत नाही.

घाटघरात पोचल्यावर त्याला श्रोता हवा असतो. एका महादेव कोळी कुटुंबाच्या अंगणात बाळहिरडा वाळत पडलेला. आजी तो हाताने पसरीत होत्या. जेवणाची वर्दी देऊन ह्याने डबी पुढे केली आणि समजावले, "आजी, ही फेकायची नाही बरं का, रिकामी झाली की पुन्हा भरायची."

आजींनी डबी उलटसुलट करून पाहिली. "मंग फेकतंय कोण, दादा? डबी काय फेकायची वस्तू हाय? आमची घासलेटाची बाटली माझ्या लग्नापासनं भरतीया."

ह्यावर दुसऱ्या कोणी विषय बदलला असता. ह्याने त्या बाटलीचे छायाचित्र घेतले, आणि पारंपरिक पर्यावरणनिष्ठेवर आजींनाच दोन शब्द सांगितले. आजींनी ते ऐकता ऐकता हिरड्यातला काडीकचरा निवडून टाकला.

त्याला कोणी तुरटी सुचवली तर तो क्षणभर मोहरून जातो: खनिज द्रव्य, आजोबांच्या दाढीच्या पेटीतली परंपरा, आणि डबीचीसुद्धा गरज नाही! परंतु तुरटी म्हणजे पोटॅशियम व ॲल्युमिनियम ह्यांचेच संयुक्त सल्फेट, एवढे पुढे सांगितले की त्याची मुद्रा उतरते, आणि कागदाच्या पुडीत किराणा दुकानी मिळणारा तो स्वस्त खडा केवळ ह्या एका कलमाखाली बाद होतो. माझा संशय असा की, तुरटीचा खरा अपराध ॲल्युमिनियम हा नसून तिच्याविषयी घाटभर बोलण्यासारखे काही नाही, हा आहे.

तरीही माणूस निरुपद्रवी आहे. जाताना इतरांनी टाकलेल्या बाटल्याही तो न सांगता गोळा करून नेतो. वाचकांपैकी कोणाला त्याच्याबरोबर घाटघरला जाण्याचा योग आलाच तर त्यांनी खुशाल जावे. फक्त शुद्धिकाल चालू असल्यास परतताना जीप टाळावी, आणि घाट पायीच उतरावा.