बघू की बे! अर्थात संकल्प सुरक्षित ठेवण्याची सोलापुरी पद्धत

यशस्वी कसं व्हावं, हे सांगणारी पुस्तकं एसटी स्टँडवरसुद्धा मिळतात. काहीही सुरू न करता सन्मानानं कसं जगावं, याचं मार्गदर्शन मात्र कुणी करत नाही. वास्तविक गरज त्याचीच जास्त, कारण तसे जगणारे आपणच बहुसंख्य. ही उणीव भरून काढण्यासाठी हा छोटासा प्रयत्न. तोही बरीच वर्षं मनात होता.

साधकानं पहिल्यांदा संकल्प करावा. संकल्पच नसेल तर लांबणीवर टाकणार काय? पहाटे सिद्धेश्वर तलावाला तीन फेऱ्या, एमपीएससी, वजन, इंग्रजी संभाषण, स्वतःचा धंदा, काहीही चालेल. फक्त तो नान्नजच्या माळढोकासारखा असावा: असल्याची नोंद सगळीकडे, प्रत्यक्ष पाहिल्याचं कुणी सांगत नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर 'बघू की' म्हणावं. मित्र असेल तर पुढे 'बे' लावावा, सासरे असतील तर लावू नये.

दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. सबब खरी असावी. खोटी सबब लक्षात ठेवावी लागते आणि कधीतरी बायकोसमोर ती उघडी पडते. खऱ्या सबबीला साक्षीदार मिळतात. या बाबतीत सोलापूरकर भाग्यवान, कारण आपल्याकडे टंचाई आहे ती पाण्याची, सबबींची नाही. उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटरचा प्रवास करून शहरात येतं आणि घरात येतं ते काही दिवसांआड. त्यामुळे 'उद्या आमच्याकडे पाणी आहे' या वाक्याची सोलापुरात कुणीही उलटतपासणी करत नाही. पाण्याच्या दिवशी नळातून आधी नुसती हवा सुटते, मग थोडी गढूळ धार, मग मोटर लावायची, टाकी, पिंप, बादल्या, शेवटी घागर आणि तांब्यासुद्धा. एवढ्या वेळात माणूस ना अभ्यास करू शकतो, ना व्यायाम. खरं तर बादल्या उचलण्यातच व्यायाम होतो, पण तो घरातल्या बायकांचा होतो. साधकानं मोटरच्या बटणावर हात ठेवून देखरेख करावी.

पाण्यानंतर पंचांग. जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धरामेश्वरांची यात्रा. तैलाभिषेक, अक्षता, होम, शोभेचं दारूकाम यांत नंदीध्वजांमागे फिरताना दुसरं काही सुचणं हा सिद्धरामेश्वरांचा अपमान ठरेल. यात्रेचे विधी उरकले की पाळणे आणि भजी उरतात. शिवाय थंडीत हुरड्याची आमंत्रणं. फेब्रुवारीत सुरुवात करायला हरकत नव्हती, पण मुळात तो महिनाच अपुरा, शुभकार्य तोकड्या महिन्यात करू नये. मार्चपासून ऊन. पारा 43-44 वर गेला की सोलापुरात सावलीसुद्धा सावली शोधते, तिथे ध्येय कोण शोधणार? त्यात लग्नसराई. आषाढात वारी. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात असल्यानं दूरदूरचे नातलग वारीनिमित्त आपल्याकडे मुक्कामाला येतात आणि जाताना आपल्यालाच विचारतात, 'मग, सध्या काय चाललंय?' श्रावण, गणपती, नवरात्र, दिवाळी. दिवाळी आटोपली की माणसाला उरलेल्या वर्षाची कीव येते आणि तो म्हणतो, आता नवीन वर्षापासूनच. नवीन वर्षात गड्डा असतो.

या पंचांगात एकच जागा कच्ची आहे, तिच्यापासून जपावं. ती म्हणजे कोजागिरी. त्या रात्री सोलापुरातून हजारो माणसं पायी तुळजापूरला निघतात. अंतर साधारण 45 किलोमीटर. तलावाच्या अर्ध्या फेरीत ज्याचा गुडघा बोलायला लागतो, तोच गृहस्थ रात्रभर चालतो. वाटेत मांडवाखाली चहा घेतो, अनोळखी माणसाला शाबुदाण्याची खिचडी वाढतो, आणि सकाळी आईच्या दारात उभा राहतो. कित्येक जण तर अनवाणी. निघताना कुणीही 'आपल्याला झेपेल का?' असं विचारत नाही. तारीख ठरलेली, रस्ता ठरलेला, शेजारचा निघालेला, म्हणून हाही निघतो. ही गोष्ट नीट लक्षात आली तर आपल्या शास्त्राचा पायाच खचेल. म्हणून दुसऱ्या दिवशी गरम पाण्यात पाय बुडवून बसल्यावर 'आईची कृपा' एवढंच म्हणावं आणि विषय मिटवावा. आईची कृपा तुळजापूरच्या रस्त्यापुरतीच असते, तलावाच्या कट्ट्यावर ती लागू नाही, असं गृहीत धरावं.

आता आत्मशंकेची मशागत. 'मला जमेल का?' हा प्रश्न स्वतःला विचारून भागत नाही, कारण एखाद्या बेसावध क्षणी आतून 'जमेल' असं उत्तर येऊ शकतं. तो योग्य माणसाला विचारावा. ज्यानं ती गोष्ट कधीच केलेली नाही, तो योग्य माणूस. पोहायचं असेल तर ज्याला पोहता येत नाही त्याला, दुकान टाकायचं असेल तर महिन्याच्या पगारदाराला. चहाच्या टपरीवर 'काय करालास बे सध्या?' अशी सुरुवात झाली की आपली योजना मांडावी. दुसरा कप येईपर्यंत तिच्यातले सगळे धोके समजतात. चहाचे पैसे आपण द्यावेत, सल्ला फुकट घेऊ नये.

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांची साधना या बाबतीत आदर्श मानावी लागेल. त्यांच्या पत्नीच्या हातची शेंगाची चटणी खाऊन पुण्याचे पाहुणे डबा मागून घेतात. चटणी म्हणाल तर अस्सल: शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजायचे, सालं पाखडायची, मग लसूण, जिरं, मीठ, लाल तिखट घालून उखळात कुटायचं. मिक्सरमध्ये कोरडा भुगा होतो. उखळात घाव बसत गेले की दाण्याला तेल सुटतं, रंग गडद होतो आणि चटणी मुठीत दाबली तर तिचा लाडू राहतो. कडक भाकरीवर ती घातली की दुसऱ्या कालवणाची गरज पडत नाही. तर ही चटणी विकायचं गृहस्थांनी ठरवलं आणि अत्यंत पद्धतशीरपणे कामाला लागले. आधी नाव. नावात 'सोलापुरी' आधी की नंतर, यावर घरात दोन तट. मग लेबल: त्यावर उखळ असावं की शेंग? मग परवान्याची माहिती, बाटली की पाऊच, निर्यातीची शक्यता, एक दोन दिवसांची कार्यशाळा आणि तिचं प्रमाणपत्र. पत्नी मधूनच म्हणायच्या, 'अहो, शेजारच्या वहिनी पावशेर मागत होत्या. देऊ का?' गृहस्थ म्हणायचे, 'सुटी विकली तर ब्रँडची किंमत जाते.' चटणीला तेल सुटत होतं, धंद्याला सुटत नव्हतं.

साधकाला खरा उपद्रव होतो तो गावातल्या यशस्वी लोकांचा. त्यांची उदाहरणं कुणीतरी तोंडावर फेकतंच, तेव्हा उत्तर तयार ठेवावं. उन्हाची आणि पाण्याची सबब सांगितली की एखादा तलावाकडे बोट दाखवतो. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तो खणवला तेव्हाही इथे ऊनच होतं, पाणीही नव्हतं. म्हणूनच तर खणवला. यावर 'ते संत होते' म्हणावं. संत म्हटलं की कुणी पुढे बोलत नाही.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस जास्त अडचणीचे, कारण ते संत नव्हते, आपल्यासारखेच सोलापुरात 1910 साली जन्मलेले. 1938 मध्ये चीनला निघालेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात ते गेले, तेव्हा त्यांना चिनी येत नव्हतं. आपण असतो तर आधी भाषेचा वर्ग लावला असता आणि युद्ध संपल्यावर गेलो असतो. त्यांनी भाषा तिथेच, जखमींच्या खाटांमधून फिरता फिरता शिकली आणि पुढे डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. डिसेंबर 1942 मध्ये ते गेले, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी. या उदाहरणावर माझ्याकडे विनोदी उतारा नाही. साधकानं त्यांच्या स्मारकासमोरून जाताना मोबाइलमध्ये बघावं.

वालचंद हिराचंदांचं मात्र निवारण करता येतं. सोलापूरचा माणूस, रेल्वेची कंत्राटं घेणारा, गावाला समुद्र नाही, धड नदीही नाही. तरी 1919 मध्ये भागीदारांसोबत सिंधिया ही जहाज कंपनी काढली आणि 'लॉयल्टी' नावाचं जुनं जहाज घेतलं. 5 एप्रिलला ते मुंबईहून लंडनला निघालं. त्याची आठवण म्हणून देशात आजही तो सागरी दिन असतो. समोर मातब्बर इंग्रज कंपन्या, ज्या भाडी पाडून पाडून स्पर्धकाला बुडवत. यावर शांतपणे सांगावं की ते जहाज चारच वर्षांत भंगारात गेलं. हे खरं आहे. सिंधिया कंपनी मात्र पुढे कित्येक दशकं चालली, पण गोष्ट कुठे थांबवायची हे सांगणाऱ्याच्या हातात असतं. 'साधनं नाहीत' असं म्हणताना माढा तालुक्यातल्या परितेवाडीचा उल्लेख निघू देऊ नये. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतले रणजितसिंह डिसले 2020 साली 'ग्लोबल टीचर प्राइझ'चे मानकरी ठरले, आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली. बक्षीस मिळाल्यावर त्याचं काय करायचं, यावर आपण कितीतरी वर्षं विचार केला असता.

एवढी खबरदारी घेऊनही कधीकधी अपघातानं सुरुवात होते. पूर्व भागातल्या एका काकूंचं असंच झालं. आयुष्य विड्या वळण्यात गेलेलं, घरात तेलुगू, दारात मराठी, भाजीवाल्याशी कन्नड. गावाकडून शेंगांचं पोतं आलं, उखळ दारातच होतं. त्यांनी चटणी कुटली, जास्त झाली, शेजारणीला तोलून दिली. शेजारणीनं बहिणीला सांगितलं. पहिल्या खेपेला मीठ जास्त पडलं होतं, लोकांनी तोंडावर सांगितलं, दुसऱ्या खेपेला काकूंनी कमी टाकलं. आत्मविश्वासाविषयी त्यांना कुणी विचारलेलंच नसल्यामुळे तो आहे की नाही, हे त्यांनाही ठाऊक नाही.

आमचे गृहस्थ बाजाराचा अभ्यास म्हणून वही घेऊन त्यांच्याकडे गेले. 'काकू, तुमचा ग्राहक नेमका कोण?'

काकूंनी तागडी उचलली. 'तुम्हीच की. पावशेर देऊ की अर्धा?'

गृहस्थांनी अर्धा किलो घेतली. घरी येऊन त्यांनी पत्नीला सविस्तर अहवाल दिला: या धंद्यात आता स्पर्धा फार वाढली आहे, बाजार जरा निवळू दे. पिशवीवर नाव नव्हतं, हे त्यांनी दोनदा सांगितलं.