पितृभक्तीचा हंगाम

परळ-भोईवाड्यातील गिरणकामगारांच्या ज्या नातवंडांस पणजोबांचे नावही कधी धड ठाऊक नव्हते, त्यांच्या अंतःकरणात महाविद्यालयीन प्रवेशाच्या मोसमात पूर्वजांविषयी जी उत्कट भक्ती उचंबळून येते, तिचे मूळ पितृपक्षात नसून जात पडताळणी समितीच्या कचेरीत आहे. कारण इतर मागासवर्गाच्या दाव्यास १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि पणजोबांनी मुंबईस येताना वळकटी तेवढी आणली, दप्तर रत्नागिरी-साताऱ्याकडेच राहिले. मग गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवालाचे जन्ममृत्यूचे बुक, धुंडाळणे आले. तेथे प्रत्यक्ष पणजोबा पुष्कळदा ‘मुलगा’ एवढ्याच नोंदीत आटोपलेले असतात (बारशापर्यंत कोतवाल कशाला थांबतो!), आणि तेही मोडीत. ज्या मोडीवाचकास काल कोणी कुत्रे विचारीत नव्हते, तो २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध आरंभिल्यापासून कुलोपाध्यायाच्या थाटात मिरवू लागला आहे. श्राद्धास पित्यापासून तीन पिढ्या पुरतात. सरकारास वंशावळ प्रतिज्ञापत्रावर लागते. तेव्हा वंशजहो, गहिवरण्यापूर्वी नकलेवर तहसिलीचा गोल शिक्का आहे ना, तेवढे पाहून घ्या.