फॉक्सांच्या मुलींचं कळलं का?

अगं, ये अशी भिंतीजवळ. तिकडे नको, माळ्यानं शेणखत टाकलंय. पितृपक्ष चाललाय, कोणाकडे जाणं नाही की येणं नाही, म्हणून म्हटलं तुझ्याशी दोन शब्द बोलावेत. उन्हाळाभर अमेरिकेत लेकीकडे रॉचेस्टरला होते ना, तिथून चॉकलेटं आणली ती वाटून संपली. पण त्या फॉक्सांच्या घरची भानगड अजून कोणालाच सांगितली नाही.

कोण फॉक्स काय विचारतेस! रॉचेस्टरहून गाडीनं तासाभरावर हाईड्सव्हिल म्हणून चिमुकलं खेडं. १८४७ च्या डिसेंबरात तिथे फॉक्स नावाच्या लोहारानं बिऱ्हाड थाटलं. बायको नि दोन धाकट्या मुली, मॅगी १४ वर्षांची, केटी ११-१२ ची. मार्च लागला नि रात्री घरात टकटक सुरू झाली. ३१ मार्च १८४८ च्या रात्री केटीनं टाळ्या वाजवल्या, तर मोजून तेवढेच ठोके परत आले. आई घाबरली. म्हणाली, माझ्या मुलांची वयं सांग पाहू. एकेकाचं वय बरोबर वाजलं. मग जरा थांबून आणखी तीन ठोके. तिचं शेंडेफळ तीन वर्षांचं असताना गेलं होतं.

आता तू सांग, ते तीन ठोके ऐकल्यावर कुठली आई पलंगाखाली वाकून बघेल? मला त्या बाईचा राग येत नाही. पण मुलांची वयं घरात कोणाला ठाऊक नव्हती? त्याच खोलीत निजलेल्या दोघींना तर पाठच असणार.

मग त्या माउलीनं काय करावं, तर शेजारणीला उठवलं! रेडफील्डबाई. ही आली हसत, पोरींची फजिती बघू म्हणून. स्वतःचं वय विचारलं, तर तेही बरोबर. हसू गेलं कुठल्या कुठे. मग तिचा नवरा, मग पलीकडचे, मग त्यांच्या पलीकडचे. मध्यरात्रीपर्यंत घरात पाय ठेवायला जागा नाही. प्रश्न विचारणारे शेजारी, नि उत्तर म्हणजे नुसती टकटक. हळूहळू त्यातून अख्खी गोष्ट उभी राहिली: म्हणे एका फेरीवाल्याचा या घरात खून झाला नि प्रेत तळघरात पुरलंय. तळघर खणलं तर पाणी लागलं. जुना भाडेकरू बिचारा नाहक बदनाम. त्याला लोकांच्या सह्या गोळा करून चारित्र्याचा दाखला दाखवत हिंडावं लागलं. आपल्याकडे तरी काय वेगळं होतं गं?

माझं म्हणणं एवढंच. त्या टकटकीला काही बोलता येत नव्हतं, बोलत होते ते शेजारी. प्रत्येक जण उत्तर पदराला बांधूनच आला होता.

नाही नाही, थांब, अजून थोरली बहीण राहिली. लेआ. रॉचेस्टरला पियानोच्या शिकवण्या करायची, नवऱ्यानं टाकलेली. तिनं धाकट्या दोघींना आपल्याकडे आणलं नि १४ नोव्हेंबर १८४९ ला कोरिंथियन हॉलमध्ये चक्क तिकीट लावून प्रयोग! गावानं तपासायला समित्या नेमल्या. बायकांच्या समितीनं तर पोरींचे कपडे उतरवून पाहिलं. काही सापडलं नाही. सापडणार कसं, ते पुढे सांगते.

त्याच भागात, त्याच १८४८ साली, सेनेका फॉल्सला बायकांनी हक्कांची पहिली परिषद भरवली. यातल्या बऱ्याच बायकांचे धागे पुढे या टकटकवाल्या मंडळींशी जुळले. मला आश्चर्य वाटत नाही. बाईनं भर सभेत बोललेलं तेव्हा खपायचं नाही. पण तिनं डोळे मिटले नि म्हटलं की माझ्या तोंडून अमका कैलासवासी बोलतोय, की तेच पुरुष मुकाट्यानं ऐकायचे. हुशारच म्हणायच्या!

पुढे १८६१ ते ६५ त्यांचं आपसातलं युद्ध झालं. सहा लाखांवर माणसं गेली, कित्येकांची प्रेतंही घरी आली नाहीत. मग काय, घरोघरी टेबलाभोवती मेलेल्यांशी बोलायच्या बैठका. लिंकनबाईंचा लहानगा विली १८६२ मध्ये गेला, तर राष्ट्राध्यक्षाच्या घरातसुद्धा माध्यमं, म्हणजे मेलेल्यांचे निरोप सांगणारी माणसं, येऊ लागली. बोस्टनच्या ममलर नावाच्या फोटोग्राफरनं तर जिवंत माणसामागे मेलेल्याचा फोटो काढून द्यायचा धंदा मांडला. त्यातली काही भुतं पुढे बोस्टनच्याच रस्त्यावर धडधाकट हिंडताना लोकांनी ओळखली! १८६९ मध्ये खटला झाला, सुटला तरी. लिंकनबाई त्यानंतर त्याच्याकडून फोटो काढून घेऊन आल्या, पाठीमागे मेलेला नवरा.

हॉस्टेलवर तुम्ही प्लँचेट करायचात ना, वाटी आपोआप सरकायची म्हणून? कोणी मुद्दाम ढकलत नव्हतं हे मला मान्य. फॅरडे, तो विजेचा, त्यानं १८५३ मध्येच, बैठकांतलं टेबल आपोआप हलतं म्हणत ना, त्यावर पुठ्ठ्यांचे सैलसर थर ठेवून दाखवलं की टेबलाआधी हात सरकतो. हात ज्याचा, त्यालाच पत्ता नसतो.

आणि हे लोण आपल्या गिरगावात आलं होतं, खोटं नाही सांगत! व्हरमाँटला एका शेतघरात म्हणे रोज रात्री भुतं बाहेर येत. ती बघायला कर्नल ऑलकॉट बातमीदार म्हणून गेले, तिथे १८७४ मध्ये त्यांना ब्लाव्हाट्स्कीबाई भेटल्या. वर्षभरात दोघांनी न्यूयॉर्कला थिऑसॉफिकल सोसायटी काढली, नि १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरून गिरगावात बिऱ्हाड केलं. पुढे अड्यारला गेल्यावर घर सांभाळणाऱ्या बाईनंच बिंग फोडलं, की ब्लाव्हाट्स्कीबाईंना अदृश्य महात्म्यांकडून येतात म्हणायची ती पत्रं कशी प्रकटतात. घरच्या बाईशी वाकडं घेऊ नये.

हां, टकटकीचं. २१ ऑक्टोबर १८८८. न्यूयॉर्कचं भरलेलं थिएटर. मॅगी स्टेजवर आली, बूट काढला, लाकडी चौरंगावर पाऊल ठेवलं नि पायाच्या अंगठ्याचा सांधा कडकन मोडला. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. चाळीस वर्षं अंगठा मोडत होत्या गं! आणि सुरुवातीला? सफरचंदाला दोरा बांधून आपटायच्या, आईला भिववायला. पुढच्याच वर्षी तिनं ही कबुली फिरवली, तोवर दोघीही दारूत बुडाल्या होत्या. केटी १८९२ ला गेली, मॅगी १८९३ ला, दोघीही हलाखीत. पण मेलेल्यांशी बोलणाऱ्या या पंथाचं काही बिघडलं नाही. भक्तांना वाटलं, कबुलीच खोटी.

त्यांचं हाईड्सव्हिलचं घर पुढे लिली डेलला नेऊन ठेवलं होतं, तेही १९५५ मध्ये जळालं. पण लिली डेल अजून आहे, माध्यमांचं गाव. परीक्षा घेतल्याशिवाय तिथे दारावर पाटी लावू देत नाहीत. लेक म्हणाली, चल आई, बाबांशी बोल, गंमत म्हणून.

मला आठवला हुडिनी, तो जादूगार. त्याचं ठाऊक आहे ना? १९२२ मध्ये शेरलॉक होम्सवाल्या कॉनन डॉईलच्या बायकोनं त्याच्या मेलेल्या आईचं पत्र लिहून दिलं, पानंच्या पानं अस्खलित इंग्रजीत, वर क्रूस काढून. आई ज्यू, धर्मगुरूची बायको, नि तिला इंग्रजीचा गंध नाही!

मी लेकीला म्हटलं, तुझे बाबा माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागले, तर मी आधी कोण म्हणून विचारीन. आणि ते गेल्यापासून बँकेच्या लॉकरची दुसरी किल्ली सापडत नाही, एवढं एकच मला विचारायचंय. तर म्हणते कशी, आई, ते तसलं सांगत नाहीत, फक्त आपण सुखात आहोत म्हणतात.