आत गेला म्हणून सुटलो?

दारूच्या नादात घर मोडलेला, रात्र रात्र खोकणारा एखादा पोरगा पोलिसांनी उचलला, शिरूरच्या कोर्टानं न्यायालयीन कोठडी दिली आणि गाडी येरवड्याकडे निघाली, की पारावर एकच उद्गार निघतो: "गेला एकदाचा. सुटलो!" मांडवगण फराट्यातही आणि भीमेपलीकडच्या दौंडच्या गावांतही. मला भांडायचं आहे ते या 'सुटलो'शी.

तो गेला कुठे, ते आधी बघा. येरवडा मध्यवर्ती कारागृहाची अधिकृत क्षमता जेमतेम अडीच हजारांची आणि आत माणसं दुपटीहून जास्त. संध्याकाळी बंदी झाली की सकाळपर्यंत बरॅकीला कुलूप. एकाच्या छातीत क्षयाचे जंतू असतील, तर शेजारी अंथरूण टाकलेल्यांना तीच हवा रात्रभर ओढावी लागते. जगभरातल्या तुरुंगांचा हिशेब मांडणारा एक अभ्यास 2023 मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये आला. 2019 या एका वर्षात सुमारे सव्वा लाख कैद्यांना टीबी झाला आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांचं निदानच झालं नाही, असा त्याचा अंदाज होता. बाहेरच्या समाजापेक्षा तुरुंगात हा आजार साधारण दहापट, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. न्यायालयानं त्याला कोठडी दिली होती, टीबी दिला नव्हता.

आता व्यसनाकडे या. भट्टीची, देशीची रोजची सवय असलेला माणूस कोठडीत गेला की त्याची दारू एका झटक्यात तुटते. हात थरथरतात, घाम फुटतो, अन्नावरची वासना उडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट येऊ शकते, भ्रम होतो, उपचार नाही मिळाले तर जीवही जातो. आणि घाम, मेलेली भूक, उतरलेलं वजन ही तर टीबीचीही लक्षणं. घाईत पाहणारा म्हणतो, "दारू तुटलीय, होईल ठीक." खोकला ऐकून म्हणतो, "बिडीचा आहे." अशा दोन सोप्या उत्तरांखाली टीबी महिनोन् महिने लपून राहतो. तंबाखूला तर आपण व्यसनात धरतच नाही. घरात मिशरी, खिशात जर्दा, कानावर बिडी! बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला टीबीचा धोका न ओढणाऱ्याच्या जवळपास दुप्पट असतो, हे तरी सांगतो का आपण पोरांना?

तुरुंगात नशा मिळत नसेल, असं समजून निर्धास्त राहू नका. पुण्याच्या ससून रुग्णालयातल्या कैद्यांच्या वॉर्डातून अमली पदार्थांचा धंदा चालल्याचं 2023 च्या सप्टेंबरअखेर उघड झालं. रुग्णालयाबाहेर दोन कोटींहून जास्त किमतीचं मेफेड्रोन पकडलं गेलं आणि त्या प्रकरणातला आरोपी ललित पाटील 2 ऑक्टोबरला तिथूनच पळाला. चारच महिन्यांनी, फेब्रुवारी 2024 मध्ये, दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत पोलिसांनी छापा घातला आणि शेकडो किलो मेफेड्रोन सापडलं. म्हणजे असा माल आपल्याच जिल्ह्यात, नदीपलीकडच्या तालुक्यात तयार होत होता. आणि आपण अजून पोरांच्या संगतीलाच दोष देतोय.

मला सर्वांत जास्त चीड येते ती एका वाक्याची. "आधी दारू सोड, मग गोळ्या चालू करू." दवाखान्यात, घरात, बरॅकीत, सगळीकडे हेच. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड ही टीबीची औषधं यकृतावर भार टाकतात आणि दारूही तेच करते, म्हणून डॉक्टर सावध असतात. ते बरोबरच आहे. पण ही सावधगिरी रोग्यापर्यंत पोचते ती "पिऊन गोळी घेतलीस तर मरशील" अशा धमकीच्या रूपात. धमकी ऐकून तो दारू सोडत नाही, गोळी सोडतो. ज्या दिवशी पितो त्या दिवशी गोळी नाही, आणि पिण्याचे दिवस आठवड्यातले चार. अशा चुकत चुकत घेतलेल्या औषधांनीच नेहमीच्या गोळ्यांना न जुमानणारा टीबी तयार होतो आणि मग तोच जंतू घरातल्या लेकराच्या छातीत जातो.

त्याला सांगायचं ते असं: प्यायलास तरी आजची गोळी चुकवू नकोस. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, उलट्या थांबेनात, तर गोळ्या थांबव आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे ये. मधूनमधून यकृताची तपासणी करून घे. आणि दारू सोडवण्याचा उपचार याच सहा महिन्यांत, टीबीच्या उपचाराबरोबर सुरू कर. ब्राउन शुगरवाल्याचं प्रकरण याहून नाजूक. तो व्यसन सोडवण्यासाठी मेथाडोन या औषधावर असेल तर रिफाम्पिसिन त्या औषधाचा अंमल उतरवतं, त्याला पुन्हा तलफ येते आणि तो टीबीच्याच गोळीला दोष देऊन ती फेकतो. मेथाडोनची मात्रा वाढवायला हवी, हे दोन्ही उपचार एकाच डॉक्टरला दिसत असतील तरच कळणार. कारागृहात मात्र टीबीचा कागद एका फायलीत आणि व्यसनाची नोंद, झालीच तर, दुसऱ्या.

टीबी आणि व्यसन दोन्हींवर एकत्र उपचार पुण्याला जमणार नाही, असं कुणी म्हणू नये. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं ते त्याच येरवड्यात. व्यसन हा आजार आहे, हे त्या जागेनं महाराष्ट्राला चाळीस वर्षं शिकवलं. कायद्यानंही दार उघडं ठेवलंय. अमली पदार्थांच्या कायद्यातलं कलम 64अ स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला, गुन्हा सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा असेल तर, खटल्यापासून संरक्षण देतं. कलम 39 खाली शिक्षेऐवजी उपचाराला पाठवता येतं. किती गरीब आरोपींच्या वकिलांनी हे मागितलं?

आणि आता परतीची गोष्ट. देशातले चारांतले तीन कैदी कच्चे आहेत, त्यांचा निकालच लागलेला नाही. टीबीचा कोर्स किमान सहा महिन्यांचा आणि जामिनाची तारीख कुणालाच ठाऊक नसते. जामीन होतो, माणूस संध्याकाळी गेटबाहेर येतो. गोळ्या आत, फाईल आत, खिशात एसटीचे पैसे. पहिला मुक्काम गुत्त्यावर होणार नाही तर कुठे? सुटताना महिनाभराच्या गोळ्या हातात आणि मांडवगणच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला एक फोन, एवढं कारागृहानं केलंच पाहिजे. टीबी रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी निक्षय प्रणालीत रुग्ण एका केंद्राकडून दुसऱ्याकडे वर्ग करण्याची सोय आहेच. नोव्हेंबर 2024 पासून पोषणासाठी महिना हजार रुपयेही मिळतात. आणि इकडे आशाताईला एकटीला दारुड्याच्या दारात पाठवून मोकळे होऊ नका. सोबत आरोग्यसेवक द्या, घरातला एखादा शहाणा माणूस धरा.

टीबीमुक्त पंचायतीच्या निकषात हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा जास्त रुग्ण चालत नाही. 'टीबीमुक्त' म्हणवून घेण्याच्या हौसेपोटी येरवड्याहून आलेला माणूस कुणाला नकोसा होईल, ही भीती मला वाटते. म्हणून पुढच्या ग्रामसभेत वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा: गेल्या वर्षभरात उपचार अर्धवट असलेले किती जण कारागृहातून आपल्या केंद्राकडे वर्ग झाले? नावं विचारू नका, आकडा विचारा. उत्तर शून्य आलं, तर फोन तिकडून आलाच नाही की इकडे कुणी उचलला नाही, हे त्याच सभेत ठरावात लिहून घ्या आणि जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांना पाठवा.