गाडीमालकाचे मत: तयार करणे, देणे आणि वेळेवर बदलणे

मधल्या आकाराची सेडान घेणाऱ्या कुटुंबाने पैशांच्याही आधी मताची सोय करून ठेवावी. गाडी दारात यायला महिना-दीड महिना लागतो, मत मात्र बुकिंगच्या संध्याकाळपासून मागितले जाते. सोसायटीचा वॉचमन विचारतो, ऑफिसातला पार्किंगवाला विचारतो. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले, आपले नेमके कोण लागतात हे न आठवणारे काका तर जिलबी वाढून व्हायच्या आत विचारतात, "काय म्हणतेय नवी गाडी?" यावर "बरी आहे" एवढेच म्हणणारा माणूस एकतर फसलेला समजला जातो, नाहीतर आतल्या गाठीचा.

उदाहरणादाखल होंडा सिटी घेऊ. "आता जरा मोठी घेऊ या" असे घरात कोणी म्हटले की बरीच वर्षे हेच नाव निघायचे. ती भारतात आली १९९८ मध्ये. मग २००३, २००८, २०१४ आणि २०२० मध्ये तिने नवे रूप घेतले. पाच पिढ्या झाल्या, म्हणजे "आधीचीच बरी होती" असे म्हणायची संधी चार वेळा आली. जुन्या मालकांनी त्यातली एकही वाया घालवली नाही.

हे मत कसे पिकते ते पाहण्यासारखे आहे. पहिली सिटी पळायची. तिच्या व्हीटेक इंजिनाची ताकद शंभर अश्वशक्तीच्या वर होती. २००३ ची आली ती गोलसर, उंच पाठीची आणि सुरुवातीला अवघ्या ७७ अश्वशक्तीची. चार सिलिंडरना आठ स्पार्क प्लग, म्हणजे प्रत्येकी दोन. त्याने पेट्रोल नीट जळते आणि ॲव्हरेज वाढते, असे इंजिनिअरांचे म्हणणे होते आणि ॲव्हरेज वाढलेही. पण पहिल्या सिटीवाल्यांनी सुतक पाळले. २००८ मध्ये टोकदार चेहऱ्याची आली आणि ताकद परत आली, तेव्हा लोकांना २००३ च्या गाडीतली मागची ऐसपैस जागा आठवू लागली. २०१४ मध्ये सिटीत पहिल्यांदा डिझेल आले. "होंडा आणि डिझेल? आवाज ऐकलात का?" २०२३ मध्ये ते डिझेल बंद झाले, तेव्हा हेच तीक्ष्ण कानांचे लोक म्हणू लागले, "हायवेला डिझेलची मजाच वेगळी हो." एसीच्या बटणांचा इतिहास त्याहून उद्बोधक. २०१४ च्या गाडीत कंपनीने एसीला टच पॅनल दिले. रस्त्यावरची नजर काढल्याशिवाय पंखा कमी करता येत नाही, अशी रास्त तक्रार झाली. २०२० मध्ये गोल नॉब परत आले. त्यावर मत पडले, "एवढे पैसे घेतात आणि फिरवायची बटणं देतात?"

तेव्हा पहिला नियम असा. ज्या पिढीविषयी मत द्यायचे तिच्या क्रमांकातून एक वजा करावा आणि जे उरेल त्याचे कौतुक करावे. पहिल्या पिढीच्या मालकाने काय वजा करायचे, अशी शंका येईल. त्याच्यासाठी वडिलांची कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी होती. तिचा पत्रा जाड होता. पत्र्याच्या जाडीवरून एकदा बोलणे सुरू झाले की पुढची पंचेचाळीस मिनिटे गाडीविषयी वेगळे मत लागत नाही.

दुसरा विषय ॲव्हरेज. इथे घाई करू नये, कारण मालकाची खरी किंमत याच पेपरात ठरते.

पाचव्या पिढीच्या पेट्रोल गाडीचा मॅन्युअल गिअरमधला अधिकृत आकडा लिटरला १७.८ किलोमीटर होता, ऑटोमॅटिकचा १८.४. असे आकडे ज्या चाचणीतून येतात ती करणारी एक संस्था आपल्या पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. तिचे एआरएआय हे नाव शोरूममधला मुलगा दिवसातून पन्नास वेळा घेतो. चाचणीत गाडी रस्त्यावर जातच नाही. ती रोलरवर उभी असते, चाके जागच्या जागी फिरतात, वेग ठरवून दिलेल्या आलेखाप्रमाणे वाढतो आणि उतरतो, ताशी ९० च्या पुढे जात नाही, आणि एसी बंद असतो. मागच्या सीटवर मावशी नसतात, डिकीत आंब्याच्या पेट्या नसतात आणि टेकडीखालच्या नळ स्टॉपचा सिग्नलही नसतो. हा आकडा खोटा नाही. फक्त त्या गाडीत चालकाखेरीज कोणी बसलेले नाही, एवढेच.

मालकाने स्वतःजवळ तीन आकडे बाळगावेत. एक, मीटरच्या पडद्यावर दिसतो तो. दोन, टाकी फुल्ल करून, ट्रिप मीटर शून्यावर आणून, पुन्हा फुल्ल करताना भागाकार करून येतो तो. हा जवळपास नेहमी पहिल्यापेक्षा कमी भरतो आणि डायरीतच राहतो. तीन, सांगायचा. सांगायचा आकडा विचारणाऱ्यावर अवलंबून असतो. मेहुण्याकडे सीएनजी असेल तर ॲव्हरेजचा विषय निघताच सीटच्या आरामाकडे वळावे. सासऱ्यांना अधिकृत आकडा सांगावा, ते पेपर वाचतात. मित्रांसाठी "हायवेला बावीस गेली होती" हे वाक्य राखून ठेवावे. हे बावीस एका रविवारी पहाटे, एकट्याने, सत्तरच्या वेगात, साताऱ्याहून येताना खंबाटकीच्या उतारावर मिळालेले असते. तरीही ते गाडीच्या आयुष्यभर वैध राहते.

ॲव्हरेज घसरले तर काय म्हणावे, याची हल्ली मोठी सोय झाली आहे. पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे वीस टक्के मिश्रणाने नुकसान होते सहा-सात टक्क्यांचे. पंधरा देणाऱ्या गाडीचा फार तर एक किलोमीटर जातो. मालकाने मात्र चार किलोमीटर इथेनॉलच्या खाती टाकावेत. उरलेले तीन उजव्या पायाचे असतात, पण पायावर कोणी मत मागत नाही. (नव्या गाड्यांत ऐंशीच्या वर गेले की अधूनमधून टिंग वाजते आणि एकशेवीसच्या वर वाजतच राहते. जुलै २०१९ पासून तसा नियम आहे. "तो आवाज बंद करता येतो का हो?" असे सर्व्हिसिंगला विचारणारा आणि ॲव्हरेजची तक्रार करणारा गृहस्थ बहुधा एकच निघतो.)

आता ग्राउंड क्लिअरन्स. सेडानवाल्याचे हे दुखणे आहे आणि ते त्याने पराक्रमासारखे सांगावे. सिटीचा आकडा १६५ मिलिमीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल स्पीडब्रेकर १०० मिलिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, चढ-उतार सावकाश होईल असा. कागदावर गाडी साडेसहा सेंटिमीटर राखून पार जाते. पण गावात शिरताना शाळेपुढे एक, देवळापुढे एक आणि सरपंचांच्या घरापुढे दोन असे जे असतात ते मानक वाचून घातलेले नसतात. कोणाचे तरी वासरू गाडीखाली आले त्या रात्री ते घातलेले असतात. असा गतिरोधक दिसला की गाडी तिरकी घालावी, एक चाक चढवावे, मग दुसरे. मागे बसलेल्या वडिलांनी सीटवरून थोडे उचलल्यासारखे करावे. त्याने वजन कमी होत नाही, पण कुटुंबाची एकजूट दिसते. तरी खालून खर्र आवाज आलाच तर गाडीत शांतता पाळावी आणि दहा सेकंदांनी मालकाने म्हणावे, "मातीच लागली." बाहेर कोणी विचारले तर ठरलेले उत्तर आहे: "रिकामी असली तर अजिबात घासत नाही." पाच माणसांच्या गाडीविषयी हे सांगताना चेहरा गंभीर ठेवावा.

याच वेळी शेजारची एसयूव्ही त्याच स्पीडब्रेकरवरून न थांबता निघून जाईल. तिच्याकडे पाहू नये. पाहिलेच तर "वळणावर झुलते" असे म्हणावे. सेडानवाल्यांचे हे एकमेव मत पदार्थविज्ञानाला धरून आहे. गुरुत्वमध्य जितका खाली तितकी गाडी वळणावर कमी कलते. कशेडी किंवा आंबा घाटात मागे बसून ज्यांना उलटी होते त्यांनाही हे पटते.

आकाराविषयी मत देताना फूटपट्टी जवळ ठेवावी. चौथ्या पिढीची सिटी ४,४४० मिलिमीटर लांब होती, पाचवी ४,५४९. म्हणजे १०९ मिलिमीटरची वाढ. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर मात्र दोन्हींत २,६०० च. आत बसणाऱ्याच्या सोयीचा मोठा भाग या दुसऱ्या आकड्यात असतो, पार्किंगचे भांडण पहिल्यात. रुंदीही १,६९५ वरून १,७४८ झाली. जुन्या सोसायट्यांत पार्किंगचे पट्टे मारले तेव्हा स्कूटर हेच वाहन होते, त्यामुळे हे पाच सेंटिमीटर मालकाच्या पोटातून वजा होतात. दार अर्धे उघडून, श्वास आत घेऊन, आडवे बाहेर पडावे लागते. सेक्रेटरी विचारतील, "मोठी वाटतेय?" त्यांना "नाही हो, तेवढीच" सांगावे. नातेवाईक विचारतील, "तेवढीच वाटतेय?" त्यांना १०९ चा आकडा द्यावा.

लांबीचा संबंध कराशीही आहे आणि इथे मालकाला कडवट होण्याचा हक्क आहे. चार मीटरच्या आतली, बाराशे सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी असेल तर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के. आधी सेस धरून २९ होता. सिटीसारख्या चार मीटरच्या पुढच्या गाडीला आधी ४५ होता, आता ४०. दोघांचा कमी झाला. पण शेजाऱ्याचा अकरा टक्क्यांनी आणि आपला पाचने, हे ज्या मालकाला रात्री साडेअकराला आठवते त्याने ते सकाळी असे मांडावे: "आपण देशाला जास्त देतो."

घरातली मते वेगळी गोळा करावी लागतात आणि ती बाहेर सांगायची नसतात. आजीला सीट खोल वाटते. बसताना ती बसते, उठताना दोघे लागतात. "उठायला उभं राहिल्यासारखी गाडी हवी" हे तिचे मत गेल्या दहा वर्षांतल्या भारतीय गाडीबाजाराचे सर्वांत नेमके विश्लेषण आहे, कारण सेडानचा खप नेमका उंच गाड्यांनी खाल्ला. मुलांना फक्त सनरूफ दिसते. ते पहिल्या रविवारी उघडले जाते, धूळ येते, आणि नंतर ते छतच असते. वडील मत देत नाहीत. ते सीटवरचे प्लास्टिक काढू देत नाहीत.

गाडी रोज चालवते ती बहुधा घरातली बाई. मुलांचा क्लास, बँक, सासूबाईंचे डॉक्टर, भाजी. डाव्या आरशाखालचा कॅमेरा, जो डावा इंडिकेटर दिला की बाजूची गल्ली पडद्यावर दाखवतो, तो खरोखर उपयोगी पडतो हे घरात फक्त तिला माहीत असते, कारण डावीकडून घुसणाऱ्या दुचाक्या तीच रोज चुकवते. क्लच हलका आहे, मागच्या काचेतून मागचे नीट दिसत नाही, हेही तिलाच माहीत. त्यामुळे या विषयावर तिला कोणी विचारत नाही. मत विचारले जाते ते गाडी रविवारी धुणाऱ्याला.

हायब्रिडविषयी थोडक्यात. २०२२ मध्ये सिटीची हायब्रिड आली. तिच्याविषयी ठाम मत असायला ती चालवलेली असण्याची गरज नाही. चालवलेल्यांची मते उलट जरा मऊ असतात. बॅटरीने डिकीतली जागा खाल्ली, हे एक वाक्य दोन्ही बाजूंना पुरते.

शेवटी गाडी विकायची वेळ येते, तेव्हा सगळी मते एका दुपारी उलटी करावी लागतात. ज्या ॲव्हरेजबद्दल इथेनॉलला शिव्या दिल्या ते आता "आरामात अठरा" होते. घासणारी गाडी "कधी गावाकडे नेलीच नाही" होते. सेकंडहँड बाजारात महाराष्ट्रातली प्रत्येक सिटी एका डॉक्टरांनी वापरलेली आहे आणि ती फक्त घर ते दवाखाना एवढीच फिरलेली आहे. मीटर ब्याण्णव हजारांवर असेल तर दवाखाना लांब होता म्हणावे. "सिंगल हँड" हा शब्द सुरुवातीलाच टाकावा, मुलगा त्याच गाडीवर शिकला असला तरी. मागच्या बंपरचा ओरखडा घेणारा दाखवेल त्याआधी आपणच दाखवावा; त्याने पुढच्या बंपरकडे त्याचे लक्ष जात नाही.

किंमत ठरवताना बसवून घेतलेल्या वस्तूंचे पैसे धरायचा मोह होतो: सीट कव्हर, मॅट, मागच्या काचेची जाळी, नऊ हजारांचे कोटिंग. घेणारा त्यातले काही धरत नाही. डॅशबोर्डवरचा गणपती मात्र सौद्यात देऊ नये; आदल्या रात्रीच काढून ठेवावा. त्याच्याखालच्या डबल टेपचा डाग घासून जात नाही. घेणारा त्यावर बोट ठेवून दोन हजार कमी करा म्हणेल. करू नयेत. त्याचा गणपती तिथेच बसणार आहे.