करवती साडी सांगणाऱ्यांस सूचना

आंधळगावच्या विणकराकडे टसरची करवती साडी सांगायची असेल, तर आधी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून ठेवा. लग्नाची तारीख ठरल्यावर साडी सांगायला निघालेले लोक मी पाहिले आहेत. नवरी शेवटी दुकानातल्या साडीत उभी राहते. जाणता गिऱ्हाईक मुलीच्या बारशालाच इसार देऊन येतो.

मोहाडीला चौंडेश्वरीचं दर्शन घेऊनच पुढे जावं. कोष्ट्यांची देवी आहे, पुढेमागे साकडं तिलाच घालायचं आहे. आंधळगावात पूर्वी गल्लोगल्ली मागाची खटखट असायची, आता ती शोधावी लागते. सापडली की आत शिरा. विणकर मागाच्या खड्ड्याच्या काठावर बसलेला असेल, पाय खाली पावड्यांवर. चहा येईपर्यंत साडीचं नाव काढू नये. चहानंतरही "कधी मिळेल?" हा प्रश्न टाळावा. उत्तर न विचारताच मिळतं : "झालीच समजा जी. पोळा झाला का घेऊन जा." कोणत्या सालचा पोळा, हे विचारणं उद्धटपणाचं.

उशिराची कारणं गिऱ्हाइकानंच पाठ करावीत, विणकराचे तेवढेच श्रम वाचतात. पावसाळ्यात ताण्याची खळ वाळत नाही आणि मागाच्या खड्ड्यात पाणी झिरपतं. आभाळ उघडावं, तर धानाचा रोवणा. रोवणा आटोपला तर कांड्या भरणारी सून माहेरी. कोसा तर बारमाही महाग. गंमत म्हणजे ही सगळी कारणं खरी असतात, त्यामुळे भांडायचीही सोय राहत नाही.

"मग दुसरीकडे बघतो" ही धमकी चुकूनही देऊ नये. मी दिली होती. त्यानं शांतपणे पत्ता सांगितला : "जा जी, तिथं लवकर भेटते." तिथं यंत्रमाग होता.

इसार दिल्यावर सव्वादोन वर्षांनी मी तावातावानं गेलो. वरठीपासून मनात भाषण जुळवत आलो होतो. तो म्हणाला, "बसा." बसलो. त्याच्या हाताशी तीन धोटे होते, अंगाचा एक आणि दोन किनारींचे दोन. अंगाचा टसरी धागा किनारीपाशी यायचा, तिथल्या सुती धाग्याला अडकायचा आणि मागे फिरायचा. किनारीचा रंग अंगात नाही, अंगाचा किनारीत नाही. दर ओळीला हाच खेळ, दोन्ही बाजूंनी. किनारीत करवतीचे दाते कुठे एकेक करून चढत होते. रामटेकच्या मंदिरावरून ही नक्षी आली म्हणतात. मंदिर बांधणाऱ्यांनाही वेळ लागलाच असणार, असं मी मनाशी म्हटलं. चहा निवला तोवर कापड बोटभर वाढलं होतं. भाषण तोंडातच राहिलं.

या साडीला भौगोलिक मानांकन आहे. त्यात तारखेबद्दल अक्षर नाही.

साडी हाती आली की उजेडासमोर धरून धाग्यांची गुंतवण पाहावी. रंगाकडे मात्र लगेच पाहू नये. मी हिरवी किनार सांगितली होती, आली ती लाल.

"हिरवं सूत सरलं होतं जी. पण हे बी शोभून दिसते."

बायकोला लालच आवडली. मग हिरव्या किनारीच्या साडीचा इसार पुन्हा दिला. पोळा झाला का बोलावलं आहे.